कमरेचा गजर

फडतरे काकांनी टोमॅटो उलटा करून पाहिला, कानाशी नेला, हलवला आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवला.

“आत काय हाय ह्याच्या?”

“स्प्रिंग असेल, काका.”

“असेल का हाय?”

“आहे. हा पिळायचा, मग तेवढी मिनिटं झाली की घंटा वाजते. डाळ शिजत ठेवली की लावतात ना, तसला टायमर.”

“आणि डाळ कुठाय?”

माझ्या मागे कंपनीच्या बसमधून उतरलेली अख्खी पहिली पाळी उभी होती. ती हसली. काका हसले नाहीत. ते साताऱ्याकडचे, सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेले, आणि गेटवरच्या त्यांच्या केबिनच्या काचेवर दोन याद्या चिकटवलेल्या होत्या. एकीत आत न्यायला बंदी असलेल्या वस्तू, दुसरीत परवानगी असलेल्या. प्लास्टिकचा लाल टोमॅटो दोन्हींत नव्हता. बंदी नाही म्हणजे चालतं, असा माझा तर्क होता. परवानगी नाही म्हणजे चालत नाही, असा त्यांचा. मग ती पहिली यादी लावलीय कशाला, असं मी विचारलं. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, “ती लोकांच्या समाधानासाठी हाय.”

टोमॅटो त्यांच्या खणात गेला. संध्याकाळी जाताना घेऊन जा म्हणाले.

मी तेव्हा मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करून नुकतीच नोकरीला लागले होते. घर विट्याला, नोकरी कोकणातल्या औद्योगिक वसाहतीत, राहायला चिपळूणला दोन मुलींबरोबर एका खोलीत. कंपनी इंजेक्शनं बनवायची. ज्या खोल्यांत औषध बाटल्यांमध्ये भरलं जातं त्यांची हवा किती स्वच्छ आहे हे तपासणं आमच्या विभागाचं काम होतं. ऐकायला मोठं वाटतं, पण असतं साधं. उथळ बशीत जंतूंना आवडणारं, जेलीसारखं अन्न बसवलेलं असतं. ही प्लेट झाकण काढून खोलीत उघडी ठेवायची. हवेतून जे पडेल ते तिच्यावर पडतं. चार तासांनी झाकण लावून ती उचलायची, जागी दुसरी ठेवायची, आणि उचललेली उबवायला न्यायची. काही दिवसांनी तिच्यावर जितके ठिपके उमटतील तितके जंतू पडले असं धरायचं.

चार तासांपेक्षा जास्त वेळ ठेवली तर जेली सुकते, आणि सुकलेल्या जेलीवर जंतू नीट वाढत नाहीत. म्हणजे उशीर झाला तर खोली घाण दिसत नाही, उलट आहे त्याहून स्वच्छ दिसते. हा उलटेपणा मला कॉलेजपासून आवडायचा.

अडचण वेगळी होती. माझ्याकडे दोन खोल्या होत्या. बाटल्या भरायचं यंत्र जेव्हा सुरू होईल तेव्हा प्लेटा ठेवायच्या, त्यामुळे प्रत्येकीची वेळ वेगळी. मधल्या वेळात पाण्याचे नमुने घ्यायचे, उबवणीच्या कपाटांची तापमानं नोंदवायची. हे सगळं डोक्यात ठेवायचं, कारण दुसरीकडे कुठे ठेवायची सोयच नव्हती. मोबाइल गेटवर जमा. स्वतःचा कागद न्यायचा नाही. आतल्या प्रत्येक कागदाला नंबर असायचा, आणि बिननंबरी चिठ्ठी सापडली तर तिच्यावर काय लिहिलंय यापेक्षा ती आली कशी यावर चौकशी व्हायची. घड्याळ कपडे बदलायच्या खोलीपर्यंत चालायचं, पुढे नाही, कारण पट्ट्याच्या खाचा पुसता येत नाहीत. विभागात टायमर होते, पण ते तपासून प्रमाणित केलेले, टेबलाला बांधल्यासारखे. काचेच्या तीन दारांपलीकडे त्यांची घंटा ऐकू येत नसे.

ठरल्यापेक्षा काही वेगळं घडलं की त्याला डेव्हिएशन म्हणतात आणि त्याची लेखी चौकशी होते. माझ्या नावावर दोन झाल्या होत्या. दोन्ही वेळा प्लेट उचलायला उशीर. विभागप्रमुख रायबागी सर बेळगावकडचे, हळू बोलणारे. त्यांनी मला बसवून सांगितलं होतं की परिविक्षेच्या, म्हणजे प्रोबेशनच्या, काळात तिसरी झाली तर नोकरी पक्की करायच्या पत्रावर ते सही करू शकणार नाहीत. आणि नोकरी पक्की झाली नाही तर विट्याला परत, हे घरी ठरलेलं होतं. भावाचं औषधांचं दुकान होतं, काउंटरमागे माझ्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. बाबा फोनवर त्या खुर्चीचं वर्णन करायचे.

मला कळत नव्हतं ते हे की बाकीच्यांना उशीर कसा होत नाही.

विभागात सगळ्यांकडे माझ्याइतकंच काम होतं. कुणाकडे चिठ्ठी नाही, टोमॅटो नाही, काही नाही. तरी त्यांच्या नोंदी मिनिटाला मिनिट बरोबर. दीपाली आंब्रे माझ्या शेजारच्या दोन खोल्या बघायची. चिपळूणचीच, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, बोलकी. तिला मी विचारलं की तू लक्षात कसं ठेवतेस. ती म्हणाली, “सवय होते गो.” इतरांना विचारलं तर तेही तेच म्हणाले. मला वाटलं यांच्याकडे काहीतरी युक्ती आहे आणि नवीन माणसाला ती सांगत नाहीत. मी त्यांच्याकडे बारकाईने बघू लागले. यंत्राचा आवाज बदलतो तेव्हा उठतात का? चहाची गाडी आली की? कशाशीही काही जुळेना.

मग मी माझे प्रयोग सुरू केले. तळहातावर वेळा लिहून पाहिल्या. आत जायच्या आधी हात धुवायचे, मग स्पिरिट लावायचं, म्हणजे ज्या कामासाठी लिहिलं त्याच कामाला निघताना लिहिलेलं पुसलं जायचं. न पुसणारी शाई शोधली. ती खरंच पुसली गेली नाही, आणि हात तपासणाऱ्या बाईंनी मला अर्धा तास नळाखाली उभं केलं. मग टोमॅटो झाला. मग गोळ्यांची वेळ सांगणारी एक डबी मिळाली, सात कप्प्यांची, प्रत्येक कप्प्याला दिवा. फडतरे काकांनी ती उघडली, रिकामी बघितली आणि तरी नाही म्हणाले. बंदीच्या यादीत औषधं होती.

“काका, औषधाच्या कारखान्यात औषध न्यायला बंदी?”

“बँकेत तरी स्वतःची नोट मोजायच्या ढिगात टाकू देतील का मॅडम?”

डबीही त्यांच्या खणात गेली.

शेवटी जी वस्तू सापडली ती कोल्हापुरात, श्रवणयंत्रांच्या दुकानात. बहिऱ्या माणसांना उठवायचा गजर होता तो. काडेपेटीएवढा, सगळीकडून बंद, गुळगुळीत, कमरेला चिमट्याने लावायचा. आवाज नाही, कॅमेरा नाही, फोन नाही. डझनभर वेळा लावता यायच्या आणि प्रत्येक वेळ आली की नुसता थरथरायचा. मी तिथेच उभी राहून त्याच्यावर बोट दाबून बघितलं, वाकून बघितलं, कपड्याच्या आतून बघितलं. दुकानदारांनी विचारलं, कुणासाठी हवाय? मी माझ्यासाठी म्हटलं, तेव्हापासून ते माझ्याशी मोठ्याने आणि हातवारे करून बोलू लागले, आणि मीही, का कोण जाणे, शेवटपर्यंत त्यांना सांगितलं नाही.

त्याला आत न्यायची परवानगी मिळवणं हे निराळंच काम झालं. सुरक्षा विभाग म्हणाला, वैद्यकीय वस्तू असेल तर डॉक्टरांचा दाखला आणा. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, तर विस्मरणाचा त्रास असं लिहून देतो. तो दाखला घेऊन गेले असते तर विस्मरण असलेल्या मुलीला निर्जंतुक खोल्यांत का सोडता, असा पुढचा प्रश्न आला असता. मी दाखला घेतला नाही. सरळ रायबागी सरांच्या टेबलावर तो गजर ठेवला.

“हे वेळ मोजतं का?” त्यांनी विचारलं.

“मोजतं, पण सांगत नाही. लावलेली वेळ आली की थरथरतं. नोंद मी भिंतीवरच्या घड्याळावरूनच करणार.”

“मोजतं म्हणालात की ते उपकरण झालं. उपकरणाला नंबर लागतो, तपासणी लागते, आणि मग ते तुमचं राहत नाही. कपाटात जातं.”

“मग मोजत नाही असं धरू या, सर.”

“मग ती वैयक्तिक वस्तू. ती आत चालत नाही.”

“चष्मा चालतो.”

“चष्मा शरीराचा भाग धरतात.”

“मग हा डोक्याचा भाग धरा.”

रायबागी सर हसले की नाही हे लगेच कळायचं नाही. त्यांनी तो गजर हातात घेतला, मी एक वेळ लावून दाखवली, तो त्यांच्या तळहातावर थरथरला आणि त्यांनी मूठ मिटली.

“हा फक्त तुमच्याच खोल्यांसाठी वाजेल ना?”

मी हो म्हटलं. असं का विचारताय हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यांनी अर्जावर लिहिलं, चष्म्याप्रमाणे वैयक्तिक साहाय्यक वस्तू, आणि सही केली. दुसऱ्या दिवशी फडतरे काकांनी ते पत्र दोनदा वाचलं, परवानगीच्या यादीत शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आणि गजराला खरोखर सलाम ठोकला.

त्यानंतर माझी एकही प्लेट चुकली नाही. आत जायला कपडे बदलावे लागतात, हात धुवावे लागतात, तेवढा वेळ धरून मी गजर आधीचा लावायची. तो थरथरला की हातातलं काम ठेवून निघायची. पाण्याचे नमुने, तापमानं, सगळं जागच्या जागी. दीपाली मला चिडवायची. तुझी कंबर तुला हाक मारते का गो, म्हणायची. लग्न झाल्यावर नवऱ्याच्या कमरेला लाव म्हणजे वेळेवर घरी येईल.

गजरातल्या डझनभर जागांपैकी बऱ्याच रिकाम्या राहायच्या. माझ्या कुतूहलाला तेवढं पुरलं. दीपालीला प्लेटांची वेळ आठवते कशी, हे अजून मला उलगडलं नव्हतं. मी ठरवलं की तिच्या प्लेटांच्या वेळाही गुपचूप लावायच्या, आणि गजर झाला की त्या क्षणी ती काय करतेय ते बघायचं. कशाकडे बघून उठते, कुणी काही बोललं म्हणून उठते का, ते टिपायचं. साधं निरीक्षण.

गजर थरथरला तेव्हा आम्ही कँटीनमध्ये होतो. दीपाली घावणं खात होती आणि नणंदेच्या लग्नात बँडवाले चुकून दुसऱ्याच मांडवात कसे गेले ते सांगत होती. आता उठेल, असं मनात म्हणून मी तिच्याकडे बघत बसले. ती उठली नाही. तिने दुसरं घावण घेतलं. मग बँडवाल्यांना परत आणायला कोण गेलं ते सांगितलं. मग चहा. ती आत गेली तेव्हा बराच उशीर झाला होता, आणि तिच्या चालण्यात जराही घाई नव्हती.

प्रत्येक खोलीचं पान संध्याकाळी बाहेर यायचं आणि त्याच्यावर खाली उबवणीच्या कपाटाची नोंद मी करायची. वर तिच्या ठसठशीत अक्षरात वेळ लिहिली होती. अगदी बरोबर, चार तासांची.

माझा गजर पुढे आहे, असं मी अनुमान काढलं. घरी नेऊन तो रेडिओवरच्या वेळेशी ताडून पाहिला. बरोबर होता. मग भिंतीवरची घड्याळं मागे असतील असं वाटलं. तीही एकमेकांशी जुळत होती. मग वाटलं, तिने प्लेट ठेवली ती वेळच मी चुकीची धरली. म्हणून दुसऱ्या दिवशी काचेबाहेर उभी राहून तिने झाकण काढलेलं डोळ्यांनी बघितलं. तरी तेच. तिला आत जायला दुसरं दार असेल का, असंही माझ्या मनात आलं, आणि मी खरंच त्या खोलीला बाहेरून एक चक्कर मारून आले. दुसरं दार नव्हतं. पुढे विभागातल्या आणखी दोघांच्या वेळा लावून पाहिल्या. गजर थरथरायचा आणि कुणीच उठायचं नाही. आणि पानावर सगळं मिनिटाला मिनिट.

शेवटी परतीच्या बसमध्ये मी दीपालीशेजारी बसून विचारलं, त्या बँडवाल्यांच्या दिवशी तू प्लेट कधी उचललीस?

“वेळेवर.”

“तेव्हा तू माझ्यासमोर घावण खात होतीस.”

“मग? घावण खाऊन झाल्यावर उचलली.”

“पण लिहिलीस आधीची वेळ.”

“चार तासांनी उचलायची असते, तर चार तासांचीच लिहायची. पाऊण तासाने कुणाचं काय मेलं?” मग ती एकदम थांबली आणि माझ्याकडे वळून बसली. “थांब. तू काय घड्याळात बघून लिहायचीस?”

“मग कशात बघून लिहू?”

“अगो बाई.” तिने माझा हात धरला. तिला खरंच वाईट वाटलं होतं. “मला वाटायचं तू आत काहीतरी सांडतेस, मोडतेस, म्हणून तुझी चौकशी लागते. तू खरी वेळ लिहितेस हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आधी विचारायचं नाहीस?”

“विचारलं होतं. तू म्हणालीस सवय होते.”

“मग होतेच की,” ती म्हणाली.

त्या रात्री मला बऱ्याच गोष्टी कळल्या आणि त्याहून जास्त कळेनाशा झाल्या. मी विसराळू नव्हते, किंवा सगळ्यांइतकीच होते. रायबागी सरांनी गजर फक्त तुमच्याच खोल्यांसाठी ना, असं का विचारलं, तेही कळलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. पण माहीत होतं तर माझ्या दोन डेव्हिएशन त्यांनी लिहिल्याच कशाला? एवढंच सांगितलं असतं की मुली, सवय कर. आणि गजराला सही तरी का दिली? मी कुणाला हे विचारू शकत नव्हते, कारण विचारणं म्हणजे सांगणं झालं असतं. मी गजर लावत राहिले. आता त्याची गरज उरली नव्हती, नुसतं पेन पुरलं असतं. तरी लावत राहिले. दीपालीच्या वेळा मात्र काढून टाकल्या.

परिविक्षेचा शेवटचा आठवडा होता. दुपारी रायबागी सरांनी बोलावलं. दोन नंबरच्या खोलीतल्या प्लेटचे चार तास व्हायला आले होते, पण पाच मिनिटांचं काम असेल असं समजून मी गेले. टेबलावर माझं पत्र होतं. उलटं ठेवलेलं असूनही माझं नाव वाचता आलं, कुमारी ऋजुता खोत. सरांनी मला बसायला सांगितलं. चिपळूणचं पाणी मानवतं का, घरी कोण कोण असतं, भावाचं दुकान कसं चालतं, असं एकेक विचारत होते. मग पत्र सुलट करून त्यातल्या अटी मोठ्याने वाचायला लागले. पहिली अट, दुसरी अट. सावकाश.

गजर थरथरला. त्या शांत खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीला टेकून, तो चांगलाच ऐकू आला. सरांनी वाचणं थांबवलं.

“कुठली?”

“दोन नंबर, सर. आत्ता निघाले तर वेळेत पोचेन.”

“अजून दोन अटी आहेत. मग सही.”

त्यांनी तिसरी वाचली. मी खुर्चीच्या कडेला सरकले होते. आपलं पत्र वाचलं जात असताना उठून कसं जायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. चौथी मोठी होती. ती संपल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“आता उशीर होईल तुम्हाला.”

“हो, सर.”

“काय लिहाल?”

“होईल तेवढा.”

“मग ती तिसरी झाली. मग हे पत्र मला खणात ठेवावं लागेल. हे माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“तरी?”

मी जे डोक्यात होतं तेच बोलले. “जेली सुकते, सर.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि जा म्हणाले.

आत जाताना घाई करता येत नाही. भरभर हललं की अंगावरून जास्त कण झडतात, म्हणून संथ हालचाल करायला शिकवलेलं असतं. मी संथपणे कपडे बदलले, संथपणे हात धुतले, कोपरं वर धरून तिन्ही दारं ओलांडली. प्लेटवर झाकण ठेवलं, नवी उघडली. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं आणि दिसली ती वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर डेव्हिएशनचा कागद होता. आधीच्या दोन्हींत कारणाच्या जागी विसराळूपणा आणि उपायाच्या जागी पुनःप्रशिक्षण असं होतं. या वेळी ती जागा रिकामी होती. कारण काय लिहू, असं त्यांनी मलाच विचारलं.

“विसरले नव्हते, सर. गजर झाला होता.”

“तो मीही ऐकला.”

“मग विभागप्रमुखांनी बोलावलं होतं, असं लिहा.”

“असं लिहिलं तर मला विचारतील. काम चालू असताना का बोलावलं?”

“का बोलावलं होतं, सर?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कुठलं यंत्र किती वाजता सुरू होणार, म्हणजे कुठली प्लेट किती वाजता उचलायची, त्या कागदावर रोज सकाळी त्यांचीच सही असायची. ते खाली न बघता सही करत असतील, किंवा बघून करत असतील. मी पुढे तिथे तीन वर्षं काढली, ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या निरोपाला भाषणही केलं, पण यातलं कुठलं खरं ते मला आजपर्यंत सांगता येत नाही. त्या दिवशी त्यांनी कागद ओढला आणि गोल अक्षरात, मी सांगितलं होतं तसंच्या तसं, लिहिलं. मग पत्र खणात टाकलं. परिविक्षा सहा महिने वाढवून मागतो, त्याहून जास्त हातात नाही, म्हणाले. मी दाराशी पोचले तेव्हा आणखी एक वाक्य बोलले, जवळजवळ स्वतःशी. हे कारण वाचल्यावर, कामामुळे हिला उशीर होतो तर बाकीच्यांना कधीच कसा होत नाही, असं म्हणून वरचे लोक आता सगळ्यांच्याच वेळा तपासायला माणूस उभा करतील.

ते दुःखाने बोलले की कसं, हेही मला कळलं नाही.

मी संध्याकाळी घरी फोन करून सहा महिने वाढल्याचं सांगितलं. बाबा म्हणाले, खुर्ची कुठे जात नाही.

विभागात बातमी माझ्याआधी पोचली होती. आठवडाभर दीपाली बसमध्ये दुसऱ्या बाजूला बसली. कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसेना. दीपालीला दोन लहान मुलं होती आणि तिचीच नोकरी घर चालवत होती, हे मला तेव्हा कुणीतरी ऐकू जाईल अशा बेताने बोललं. मी तिचं नाव कुठेही घेतलं नव्हतं. हे तिला सांगायला गेले तर ती म्हणाली, माहितेय, आणि निघून गेली.

मग एका दुपारी कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मी बाहेर येत होते, ती आत चालली होती. तिने हात धुतले, हातमोजे चढवले, आणि कशालाही स्पर्श होऊ नये म्हणून दोन्ही हात छातीसमोर उंच धरून उभी राहिली. फक्त डोळे दिसत होते.

“माझ्या पण लावून ठेव त्याच्यात,” ती म्हणाली. “उद्यापासून.”

“लावते.”

“आणि आज उशीर झालाय.”

“किती?”

“झालाय.” ती तशीच हात धरून उभी होती. “तू काय लिहिलं असतंस ते विचारत नाहीये मी. मला माहितेय.”

“मग?”

“मग काही नाही,” ती म्हणाली आणि खांद्याने दार ढकलून आत गेली.

मी काचेशी थांबले. तिने प्लेटवर झाकण ठेवलं, दुसरी उघडली, सगळं संथपणे, शिकवलं होतं तसं. मग पेन उचललं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, खाली पानाकडे बघितलं, आणि पेन हवेतच राहिलं. तिने एकदा काचेकडे मान वळवली. मी तिथे आहे हे तिला दिसलं असावं. मग तिने मान खाली घातली आणि लिहिलं.

काय लिहिलं ते काचेतून दिसत नव्हतं. संध्याकाळी त्याच पानावर मला माझी नोंद करायची होती. मी वरची ओळ हाताने झाकली, खाली माझी वेळ लिहिली आणि पान उलटलं.